संयुक्त शाळा अनुदान: सीमाभागातल्या मराठी शाळेच्या पदरात नेमकं काय पडतं?

आधी निकाल सांगून टाकू. समग्र शिक्षा योजनेतलं संयुक्त शाळा अनुदान, म्हणजे आपल्याकडे ज्याला नुसतं 'स्कूल ग्रँट' म्हणतात, त्याला पाचपैकी अडीच गुण. रक्कम तुटपुंजी म्हणून गुण कापलेले नाहीत. ती तुटपुंजी आहेच, पण दर वर्षी, न मागता, थेट शाळेच्या नावावर येणारा पैसा दुसरा कुठला आहे? आमदार फंडासाठी खेटे घालावे लागतात, पंचायतीच्या आराखड्यात शाळा घुसवावी लागते. हा पैसा आपल्या पायांनी येतो. गुण गेलेत ते दोन कारणांनी: तो पटाच्या टप्प्यांवर मोजला जातो आणि तो भलत्या महिन्यात येतो.

ही योजना 2018-19 मध्ये सर्व शिक्षा अभियान, माध्यमिकची योजना आणि शिक्षक प्रशिक्षणाची योजना एकत्र करून आली. खर्चाचा वाटा केंद्र 60, राज्य 40. शाळेला मिळणारी कमाल रक्कम पटावर ठरते. 30 मुलांपर्यंत 10,000 रुपये, 31 ते 100 पर्यंत 25,000, 101 ते 250 पर्यंत 50,000, 251 ते 1,000 पर्यंत 75,000 आणि त्यावर 1 लाख. यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. नियम केंद्राचा असल्यामुळे सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या चंदगडच्या किंवा निपाणीशेजारच्या कागलच्या जिल्हा परिषद शाळेलाही हेच टप्पे लागू आहेत. 'महाराष्ट्रात असतो तर जास्त मिळालं असतं' हे निदान या अनुदानापुरतं तरी खरं नाही.

आता टप्प्यांचा हिशेब बघा. खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला दोन खोल्यांची, वीस-पंचवीस पटाची मराठी शाळा घ्या. तिला 10,000. स्वच्छतेचे 1,000 बाजूला काढले की उरले 9,000. त्यात वर्षाचे खडू, हजेरीपट, फिनेल, झाडू, दोन ट्यूबलाइट, झेरॉक्स आणि ऑनलाइन कामाचा खर्च. पण त्या शाळेच्या एका खोलीचं छप्पर बेळगाव शहरातल्या दोनशे पटाच्या शाळेच्या एका वर्गाएवढंच असतं आणि त्यावर पाऊस मात्र कितीतरी पट पडतो. छपराला पट कळत नाही. टप्पे ठरवताना खोल्यांची संख्या आणि पाऊसमान यांचा विचारच झालेला नाही, आणि घाटमाथ्यावरच्या शाळांना हे सगळ्यात जास्त नडतं.

कौलारू वर्गाचं गणित मांडून बघू. खोली आतून सहा बाय सहा मीटर. चारी बाजूंनी अर्धा मीटर पागोळी धरली तर खालून मोजलेलं क्षेत्र 49 चौरस मीटर, उताराचं धरून साधारण 56. मंगळुरी कौलं चौरस मीटरला 15 लागतात, म्हणजे एका खोलीला साडेआठशेच्या आसपास. वर्षाकाठी वीसात एक फुटलं असं धरलं तरी चाळीस-बेचाळीस कौलं दर खोलीला हवीत, शिवाय आढ्यावरची गोल कौलं आणि कुजलेल्या रिपा. दोन खोल्यांची शाकारणी करायची तर माकडांच्या कृपेने हा आकडा आणखी वाढतो. कौलांचा, वाहतुकीचा आणि दोन गड्यांच्या मजुरीचा आपल्या गावचा भाव लावून बघा. 9,000 कुठे संपतात ते लगेच कळेल.

रंगाचं त्या मानाने सोपं आहे. त्याच खोलीच्या चार भिंती, तीन मीटर उंची, म्हणजे 72 चौरस मीटर. दार-खिडक्या वजा करून 62 धरा. अॅक्रिलिक डिस्टेंपर दोन हातांना किलोला साधारण चार ते पाच चौरस मीटर जातं. म्हणजे 13 ते 15 किलो, 20 किलोच्या एका बादलीत खोली होऊन थोडं उरतं. दोन बादल्यांत तीन खोल्या बसवायच्या म्हटलं तर ताणून होतं. पण ओल असलेल्या भिंतीवर डिस्टेंपर मारणं म्हणजे पैसे पाण्यात. पहिल्याच पावसाळ्यात पापुद्रे सुटतात. आधी कौलं, मग गिलावा, मग रंग हा क्रम मोडून तपासणीच्या आधी घाईने रंग काढणाऱ्या शाळा जागोजाग दिसतात. फोटोत रंग दिसतो, कौलं दिसत नाहीत, हे त्यामागचं खरं कारण.

पट कुठला धरतात? युडायसमधला, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन माहितीसंचातला, आणि त्याची संदर्भ तारीख 30 सप्टेंबर. इथे दोन गोष्टी चुकतात. पहिली, मुलाचं नाव. आधारवर एक स्पेलिंग, राज्याच्या विद्यार्थी नोंदणीत दुसरं, दाखल्यावर तिसरं. मराठी नाव कन्नडमधून इंग्रजीत जाताना 'ळ' आणि 'ज्ञ' कुठल्या रूपात बाहेर पडतील सांगता येत नाही. नाव जुळलं नाही की नोंद लटकते. पट 31 असताना एक नोंद लटकली तर 25,000 चे 10,000 होतात. त्यामुळे ऑगस्टमध्येच यादी छापून घ्यावी, पालकांना आधार कार्ड घेऊन शाळेत बोलवावं आणि एकेक नाव अक्षरानिशी ताडून बघावं. शाळेच्या कमिटीच्या (म्हणजे पालकांच्या एसडीएमसीच्या) सदस्यांना करता येण्यासारखं याहून जास्त किमतीचं काम दुसरं नाही.

दुसरी गोष्ट ऊसतोडीची. गळीत हंगाम सुरू होतो ऑक्टोबर-नोव्हेंबरात. चिकोडी, निपाणी, अथणीच्या बाजूला टोळ्यांबरोबर आलेली मुलं त्यानंतर वर्गात बसतात. ती शिकतात, पाणी पितात, स्वच्छतागृह वापरतात, पण 30 सप्टेंबरच्या पटात नसतात. त्यांच्यासाठी या अनुदानात एक पैसा धरलेला नाही.

पैसा येण्याची पद्धत जुलै 2021 पासून बदलली. पूर्वी रक्कम शाळेच्या खात्यात पडून राहायची, हेडमास्तर आणि कमिटी अध्यक्षांच्या जोड सहीने चेक निघायचा. आता राज्याच्या एकाच नोडल खात्यात पैसा राहतो आणि शाळेच्या शून्य शिलकीच्या खात्याला फक्त खर्चाची मर्यादा मिळते. खात्यात पासबुकावर शून्य दिसतं म्हणून 'ग्रँट आलीच नाही' असं कमिटीत सांगितलं जातं. ते दर वेळी खरं नसतं. मर्यादा पैसे वाटपाच्या सरकारी पोर्टलवर दिसते, पासबुकावर नाही. बैठकीत हेडमास्तरांना पोर्टलचा स्क्रीन मागा.

खर्च करायची पायरी अशी. आधी कमिटीचा ठराव, कामाचं नाव आणि अंदाजे रक्कम घालून. मग दरपत्रकं. मग खरेदी आणि साठा नोंदवहीत नोंद. मग दुकानदाराला पोर्टलवर विक्रेता म्हणून घालायचं: नाव, खातं क्रमांक, आयएफएससी. एका लॉगिनने बिल भरायचं, दुसऱ्याने मंजूर करायचं, शेवटी पेमेंट अॅडव्हाइस छापून सह्यांनिशी मुदतीत बँकेत पोचवायचं. मुदत टळली की ते रद्द होतं आणि सगळं पुन्हा.

सगळ्यात जास्त अडतं ते विक्रेत्याच्या पायरीवर. दुकानाच्या पाटीवर एक नाव, बँक खात्यावर मालकाचं नाव, बिलावर तिसरंच. शिवाय आयएफएससी. सिंडिकेट बँक कॅनरात गेल्यावर जुने कोड जुलै 2021 पासून बंद झाले, आणि 1 मे 2025 ला कर्नाटक विकास ग्रामीण बँकही विलीनीकरणात गेली. जुन्या बिलबुकावर छापलेला कोड बघून कुणी भरला तर पैसे परत येतात, आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात परत आले तर पुन्हा पाठवायला वेळच उरत नाही. दुकानदाराकडून रद्द केलेला चेक किंवा चालू पासबुकाची प्रत घ्यावी, बिलावरच्या छापील कोडवर विसंबू नये.

अध्यक्ष बदलला तर वेगळीच तऱ्हा. मूल सातवी पास होऊन हायस्कूलला गेलं की पालकाचं सदस्यपद संपतं. नव्या अध्यक्षांची नोंद, केवायसी, मोबाइल क्रमांक, ओटीपी हे सगळं जून-जुलैतच उरकून घ्यायला हवं. ते फेब्रुवारीवर ढकललं की मर्यादा समोर दिसते आणि हात लावता येत नाही.

आता वेळापत्रकाबद्दल, कारण अडीच गुण कापले गेले त्यातले निम्मे इथेच. मर्यादेचा मोठा हिस्सा वर्षाच्या उत्तरार्धात येतो आणि 31 मार्चला न खर्चलेली मर्यादा परत जाते. कर्नाटकात शाळेची सुट्टी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून मेअखेरपर्यंत. कौलं परतायची, गिलावा करायचा, टाकी धुवायची वेळ हीच, वर्ग रिकामे असतात तेव्हा. म्हणजे काम करायच्या वेळी पैसा नसतो आणि पैसा असतो तेव्हा परीक्षा चालू असतात. मग मार्चअखेरीला जे चटकन विकत घेता येतं ते घेतलं जातं: खुर्च्या, कपाट, पुन्हा एक कपाट. काही शाळांत मुलांपेक्षा कपाटं दणकट आहेत ती यामुळे.

यावर नियमात बसणारी वाट एकच. फेब्रुवारीत कौलं, रिपा, खिळे, सिमेंट असा माल घ्यायचा, साठा नोंदवहीत चढवायचा आणि बिल मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात मोकळं करायचं. मजुरीचं काम मार्चमध्येच शनिवारच्या दुपारी आणि रविवारी उरकायचं, शनिवारी शाळा सकाळचीच असते. मजुरी आगाऊ देऊन 'मेमध्ये कर' असं सांगणं अंगाशी येतं. काम न होता बिल निघालं असा शेरा लेखापरीक्षणात बसतो आणि तो हेडमास्तरांच्या माथी राहतो. सिमेंट मात्र मेपर्यंत ठेवू नका, ओलीने गठ्ठे होतात. कौलं वर्षभर ठेवली तरी काही बिघडत नाही.

या पैशातून काय करता येत नाही तेही पक्कं लक्षात ठेवावं. नवी खोली नाही, पगार किंवा मानधन नाही. मराठी शिक्षकाची जागा रिकामी आहे म्हणून गावातल्या डीएड झालेल्या मुलीला यातून महिन्याला काही द्यावं असा विषय बऱ्याच कमिट्यांत निघतो. हेतू चांगला, पण खर्च नामंजूर होतो. अतिथी शिक्षकाची मागणी बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसकडे वेगळी करायची असते. स्नेहसंमेलनाचा मंडप, पाहुण्यांचे हारतुरे यांनाही हाच नियम.

वाचनालयाचा निधी वेगळा येतो, प्राथमिकला कमाल 5,000 आणि पहिली ते आठवीच्या शाळेला 13,000. याला साडेतीन गुण द्यायला हरकत नाही, कारण योग्य पुस्तकं घेतली तर मुलांच्या हातात सरळ काहीतरी पडतं. मराठी शाळेने मराठी पुस्तकांची यादी कमिटीच्या ठरावाला जोडून ठेवावी, नाहीतर जे गठ्ठ्याने येईल ते घ्यावं लागतं आणि कपाटात न उघडलेली पुस्तकं पडून राहतात. बिलाबद्दल एक खोडा नेहमी निघतो: बिलावर जीएसटी का नाही? छापील पुस्तकांवर जीएसटी शून्य आहे, त्यामुळे कर न लावलेलं बिल बरोबरच असतं. 22 सप्टेंबर 2025 पासून वह्या आणि पेन्सिलीही शून्यात गेल्या आणि सिमेंट 28 वरून 18 टक्क्यांवर आलं. जुन्या दराचं दरपत्रक फाईलला लागलेलं असेल तर नवीन मागून घ्या.

विजेच्या बिलाचा भार आता निघायला हवा. सरकारी शाळांना वीज आणि पाणी मोफत देण्याची घोषणा मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी 1 नोव्हेंबर 2023 ला केली. सीमाभागात त्या तारखेला, म्हणजे काळ्या दिनाला, लोक कुठल्या मूडमध्ये असतात ते सांगायला नको, पण घोषणा कामाची आहे. शाळेच्या मीटरचा आरआर क्रमांक (वीज ग्राहक क्रमांक) शाळेच्याच नावावर आहे का ते हेस्कॉम या वीज कंपनीच्या बिलावर बघा. कैक ठिकाणी मीटर जुन्या कमिटी अध्यक्षाच्या किंवा पंचायतीच्या नावावर असतं. ते बदलल्याशिवाय सवलत मिळवताना अडचण येते आणि बिल पुन्हा त्याच 10,000 मधून जातं.

आता मोठ्या पैशाकडे वळू. मंदी आली की सरकार बाजारात पैसा सोडतं, आणि त्यातला शाळेपर्यंत पोचणारा भाग गावाकडे बहुतेक रोजगार हमीच्या वाटेने येतो. मे 2020 च्या आत्मनिर्भर पॅकेजमध्ये रोजगार हमीला जादा 40,000 कोटी मिळाले. शाळा बंद होत्या, पुण्या-मुंबईहून माणसं गावी आलेली होती, मैदानात मुलं नव्हती. कंपाउंड, मैदानाचं सपाटीकरण, स्वयंपाकखोली, पावसाचं पाणी जिरवण्याचे खड्डे यासाठी त्याहून चांगला काळ नव्हता. ज्या शाळांची कामं पंचायतीच्या आराखड्यात आधीपासून होती त्यांनाच त्याचा फायदा झाला. ऐन वेळी अर्ज घेऊन धावलेल्यांच्या हाती काही लागलं नाही.

या कामाला चार गुण, आणि अट एकच: पिडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी, चांगला हवा. मजुरी 60, साहित्य 40 हे प्रमाण पाळायचं असतं. कंपाउंड भिंत साहित्यखाऊ काम, दगड-सिमेंटच जास्त. मैदान सपाट करणं, चर खणणं ही मजुरीची कामं. दोन्ही एकत्र मागितली तर पिडीओला प्रमाण जुळवता येतं, नुसती भिंत मागितली तर ती मागे पडते. मजुरी खात्यात बऱ्यापैकी वेळेवर जाते (2025-26 चा कर्नाटकाचा दर दिवसाला 370 रुपये), पण साहित्याचं बिल महिनोन् महिने लटकतं. त्यामुळे पुरवठादार निम्म्या भिंतीवर हात वर करतात. भिंत टप्प्याटप्प्याने, प्रत्येक टप्पा पूर्ण होईल अशा लांबीत मागावी.

भिंतीत एक तांत्रिक गोष्ट हमखास चुकते. खानापूरकडच्या तांबड्या जांभ्या मातीत साध्या पायावर उभी राहिलेली भिंत बघून तोच नकाशा अथणी-गोकाककडच्या काळ्या मातीत वापरला जातो. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते आणि दुसऱ्या वर्षी भिंतीत तिरक्या भेगा पडतात. तिथे प्लिंथ बीम (जोत्याची काँक्रीटची पट्टी) आणि ठरावीक अंतरावर जोड सोडणं अंदाजपत्रकात असायलाच हवं. उताराच्या जागी पाणी निघायला भोकं ठेवली नाहीत तर पहिल्या मोठ्या पावसात भिंत आडवी होते.

डिसेंबर 2025 मध्ये संसदेने रोजगार हमीच्या 2005 च्या कायद्याच्या जागी नवा कायदा केला. त्यात हमीचे दिवस 100 चे 125 केले, पण राज्याचा खर्चाचा वाटा वाढून बहुतेक राज्यांसाठी केंद्र 60, राज्य 40 असा ठरला. पूर्वी मजुरी पूर्ण केंद्राची होती. तेव्हा जुन्या आराखड्यात शाळेचं काम मंजूर असेल तर ते नव्या यादीत आलंय का, हे ग्रामसभेत तोंडी विचारून भागवू नका, लेखी उत्तर घ्या.

स्वच्छतागृह आणि हात धुण्याच्या नळांसाठी पंधराव्या वित्त आयोगाचा पंचायत निधी वापरता येत असे. 2021 ते 2026 या काळात त्यातला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता. त्यातून बांधलेल्या स्वच्छतागृहांचं दुखणं एकच: वरची टाकी आहे, पण पाइपला पाणी चढवायला मोटर नाही, किंवा मोटर आहे आणि वीज नाही. मुलींच्या बाजूला आतून कडी, कोपऱ्यात झाकणाचा डबा आणि पाणी या तीन गोष्टी ताब्यात घेण्याआधी बघाव्यात. एकदा ताबा दिला की ठेकेदार परत येत नाही.

नव्या वर्गखोल्या राज्याच्या विवेक योजनेतून 2022 पासून बऱ्याच ठिकाणी आल्या. राज्यभर चर्चा झाली ती भगव्या रंगाची. खोलीचा स्लॅब कसा आहे, व्हरांड्याला उतार आहे का, फळा कुठल्या भिंतीवर येतो म्हणजे खिडकीचा उजेड मुलांच्या डोळ्यांत जात नाही, हे प्रश्न कुणी विचारले नाहीत. खोली ताब्यात घ्यायच्या आधी छतावर दिवसभर पाणी साठवून ठेवा आणि खालून ओल बघा. ओल आली तर ताबा पत्रावर तसं लिहूनच सही करा.

कागदपत्रांबद्दल. परिपत्रकं कन्नडमध्ये येतात. कमिटीतल्या निम्म्या बायका-पुरुषांना ती वाचता येत नाहीत आणि हेडमास्तर जे सांगतील ते मान्य करून सह्या होतात. ठराव मराठीत लिहावा, सगळ्यांना वाचून दाखवावा आणि बीईओ ऑफिसला जाणाऱ्या प्रतीबरोबर कन्नड सारांश जोडावा. फाईल लवकर हलते आणि कमिटीलाही आपण कशावर सही केली ते कळतं.

पूरग्रस्त शाळांचा पैसा या सगळ्यांपेक्षा वेगळा, महसूल खात्याच्या वाटेने येतो. ऑगस्ट 2019 च्या पुरात कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, मलप्रभेच्या काठच्या कितीतरी खोल्या बसल्या. तेव्हाच्या आपत्ती निकषांत नुकसान झालेल्या प्राथमिक शाळेला दीड लाखांपर्यंत दुरुस्तीची तरतूद होती. ज्यांच्याकडे पाणी ओसरल्यावरचे तारखेचे फोटो, तलाठ्याचा पंचनामा आणि इंजिनिअरचं मोजमाप होतं त्यांचे प्रस्ताव पुढे सरकले. भिंतीवर पाण्याची रेघ किती फुटांवर होती ते टेप धरून फोटोत घ्यायचं, साफसफाई सुरू करायच्या आधी. एकदा भिंत धुतली की पुरावाही गेला. फोटोची एक प्रत शाळेबाहेर, कुणाच्या तरी घरी ठेवावी, कारण दप्तर ज्या कपाटात असतं ते कपाटही त्याच खोलीत असतं.